वाचकांचे प्रश्न : महामार्गावरचा राग आणि पुढची मोकळी जागा

सोलापूर हे चारी दिशांचे रस्ते एकत्र येण्याचे ठिकाण आहे. पुण्याहून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५, छत्रपती संभाजीनगर, बीड आणि धाराशिवकडून येऊन विजयपूरकडे उतरणारा क्रमांक ५२ आणि सांगली-मंगळवेढ्याकडून येणारा रत्नागिरी-नागपूर मार्ग हे सगळे येथे एकमेकांना मिळतात. त्यामुळे आपल्या रस्त्यावर एकाच वेळी हैदराबादचा कंटेनर, तुळजापूर-अक्कलकोट-पंढरपूरला निघालेली भाविकांची जीप, नोकरीसाठी पुण्याला परतणाऱ्या मुलाची मोटार, कारखान्याकडे चाललेली उसाची डबल ट्रॉली आणि शेतातून घरी निघालेली दुचाकी अशी पाच वेगांची वाहने चाललेली असतात. गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांतून महामार्गावरच्या रागाचा विषय पुन्हा पुन्हा आला, म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच दिली आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे यजमान स्वभावाने अतिशय शांत आहेत. घरात त्यांचा आवाज कधी चढत नाही. हायवेवर गाडी चालवताना मात्र ते निराळेच होतात. गेल्या महिन्यात पुण्याहून परतताना टेंभुर्णीच्या पुढे एका मोटारीने आम्हाला कट मारला. यजमानांनी त्या गाडीचा मोहोळपर्यंत पाठलाग केला, आपली गाडी तिच्या बरोबरीने नेली आणि काच खाली करून शिवी दिली. मागच्या सीटवर आमची दहा आणि सहा वर्षांची मुले होती. मी विनवण्या करत होते, पण त्यामुळे ते अधिकच चिडले. घरी आल्यावर धाकटा खेळण्यातली गाडी चालवताना तीच शिवी देत होता. दिवाळीत पुन्हा पुण्याला जायचे आहे आणि मला गाडीत बसायचीच भीती वाटू लागली आहे. मी काय करावे?
— एक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, तुमच्या धाकट्या मुलाबद्दलचे वाक्य वाचल्यावर मी ते पत्र बराच वेळ बाजूला ठेवले होते. गाडी चालवायला माणूस अठराव्या वर्षी शिकतो असे आपण मानतो. प्रत्यक्षात रस्त्यावर कसे वागायचे हे तो सहाव्या वर्षीच मागच्या सीटवरून शिकायला लागतो. तुमची भीती रास्त आहे आणि तिला भित्रेपणा समजू नका.

यजमान घरी शांत आणि रस्त्यावर तापट का होतात, याचे उत्तर मी आधी देतो, कारण ते कळल्याशिवाय उपाय लागू पडत नाहीत. आपल्या गड्डा यात्रेच्या गर्दीत दिवसभरात पन्नास जणांचे खांदे आपल्याला लागतात, कोणी पायावर पाय देतो, पण तेथे भांडणे होत नाहीत. धक्का देणाऱ्याचा चेहरा आपल्याला दिसतो, तो ‘अहो, चुकून लागला’ म्हणतो, आपण ‘असू द्या’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. महामार्गावर चेहरा दिसत नाही, आवाज पोहोचत नाही, माफी मागायला शब्द नसतात. दिसतो तो फक्त गाडीचा पार्श्वभाग, आणि त्या पत्र्याला मग आपण आपल्याच मनातला चेहरा बसवतो. आपण स्वतः चुकलो तर म्हणतो, ‘लक्ष नव्हते’. दुसरा चुकला तर म्हणतो, ‘माजला आहे’. चूक तीच असते, पण पहिलीला आपण परिस्थितीचे कारण देतो आणि दुसरीला स्वभावाचे.

मी पस्तीस वर्षे जड वाहने चालवली आणि त्यांतली शेवटची काही वर्षे नव्या चालकांना शिकवण्यात घालवली. त्या पस्तीस वर्षांत एकदा मीही असा पाठलाग केला आहे. विजापूर रस्त्यावर एका जीपने मला दाबले, मी सहा-सात किलोमीटर तिच्या मागे गेलो, ती जीप एका चहाच्या टपरीवर थांबली आणि मी खाली उतरून त्या माणसाला जाब विचारला. तो घाबरला नाही आणि चिडलाही नाही. मी कशाबद्दल बोलतो आहे हेच त्याला कळेना. ज्या गोष्टीसाठी मी माझ्या गाडीतल्या माणसांचा जीव पणाला लावला होता, ती त्याच्या लेखी घडलेलीच नव्हती. तुमच्या यजमानांना ज्याने कट मारला, त्यालाही बहुधा ते आजपर्यंत ठाऊक नसेल.

आता हिशेबाची गोष्ट सांगतो, कारण शांत स्वभावाच्या माणसांना उपदेशापेक्षा हिशेब लवकर पटतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २५ मीटर जाते. समोरच्या वाहनापासून किमान दोन सेकंदांचे अंतर ठेवावे, असे चालकांना जगभर शिकवले जाते. म्हणजे या वेगाला ५० मीटर. हे अंतर मोजायला कोणतेही यंत्र लागत नाही. समोरची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचली की सावकाश ‘पांडुरंग, पांडुरंग’ असे दोनदा म्हणावे आणि ते म्हणून होण्याआधी आपण त्या खांबापाशी पोहोचलो, तर आपण फार जवळ आहोत असे समजावे. पावसात आणि रात्री हेच चारदा म्हणावे. आता या पन्नास मीटरांत एखादी गाडी घुसली तर आपले नेमके काय जाते? आपण ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचलतो, पुन्हा दोन सेकंदांचे अंतर तयार होते, आणि आपण घरी दोन सेकंद उशिरा पोहोचतो. टेंभुर्णीपासून सोलापूरपर्यंत दहा गाड्यांनी असे केले तर वीस सेकंद गेले. वीस सेकंदांत चहाचा कपसुद्धा संपत नाही. पुढची मोकळी जागा आपल्या मालकीची आहे, असे मनात कोठेतरी बसलेले असते, आणि तेथे कोणी शिरले की आपल्या बांधावर कोणी नांगर घातला असे वाटते. ती जागा मालकीची नाही. ब्रेक लावायला मिळावी म्हणून आपण तेवढ्यापुरती राखलेली असते. हा एक विचार मनात पक्का झाला तर महामार्गावरचा अर्धा राग जागीच विरतो, असा माझा अनुभव आहे.

वेगाचेही तसेच आहे. पुणे ते सोलापूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर. सरासरी वेग ताशी ८० राहिला तर सव्वातीन तासांच्या आत पोहोचता येते आणि ९० राहिला तर पावणेतीन तासांहून किंचित अधिक वेळ लागतो. फरक वीस मिनिटांचा आहे, आणि तोही सरासरी खरोखर तेवढी वाढली तरच. टोलनाके, गावाजवळचे चौक आणि उसाच्या ट्रॉल्या ती वाढू देत नाहीत. घरून वीस मिनिटे लवकर निघणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. उशीर झालेला माणूस रस्त्यावरच्या प्रत्येकाला अडथळा समजतो.

तुम्ही काय करावे, ते आता सांगतो. राग चढलेला असताना त्या क्षणी त्यांची चूक दाखवू नका. भीती वाटली की शरीर लढाईच्या तयारीला लागते, छाती धडधडते, हात घट्ट होतात आणि नजर समोरच्या एकाच गोष्टीवर खिळते. अशा वेळी ‘हळू चालवा’ हे शब्दही दुसरा हल्ला वाटतात. त्याऐवजी मुलांना पाणी हवे आहे, पुढच्या पंपावर थांबू या, एवढेच म्हणावे, आणि थांबल्यावर गाडीतून सगळ्यांनी खाली उतरावे. चढलेली धडधड खाली यायला पंधरा-वीस मिनिटे तरी द्यावीत. खरे बोलणे दुसऱ्या दिवशी, घरात, चहाच्या वेळी करावे, आणि सुरुवात त्यांच्या रागापासून न करता धाकट्याच्या तोंडच्या शिवीपासून करावी. शांत स्वभावाच्या बापाला ती गोष्ट जेवढी लागेल, तेवढी कोणतीही समजूत लागणार नाही. त्या वेळी दोघांनी मिळून एक शब्द ठरवावा, आणि तो तुम्ही उच्चारला की काही न विचारता वेग कमी करायचा, असे त्यांच्याकडून आधीच कबूल करून घ्यावे.

दिवाळीच्या प्रवासात मुलांना एक काम द्या. आज बाबांनी किती गाड्यांना जागा दिली हे मोजून वहीत लिहायचे. मी शिकवत असताना माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी हा प्रयोग झाला होता आणि मुले हा खेळ मोठ्या मनापासून खेळतात. बापही मग मुलांचा आकडा वाढावा म्हणून जागा देऊ लागतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो. राग फक्त रस्त्यावर नसून इतरत्रही वाढला असेल, झोप कमी झाली असेल किंवा मद्याचा संबंध असेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवे. आणि त्यांनी कबूल करूनही पुन्हा पाठलाग केला, तर पुढच्या वेळी मुलांना घेऊन हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जावे. गाडीत न बसण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि तो वापरल्याबद्दल कोणाची क्षमा मागण्याची गरज नाही.

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे. रात्री साडेनऊच्या सुमारास मोहोळहून सोलापूरला येत असताना समोरची एक मोठी गाडी उजव्या लेनमधून हलत नव्हती. मी बराच वेळ अप्पर-डिप्पर मारला, हॉर्न दिला, शेवटी डावीकडून पुढे गेलो आणि जाताना हात दाखवला. त्यानंतर त्या गाडीने मला गाठले, पुढे आडवी घातली आणि दोन माणसे खाली उतरली. त्यांनी माझ्या बॉनेटवर बुक्के मारले आणि मला बाहेर ओढण्याचा प्रयत्न केला. मागून बस आल्यामुळे ते निघून गेले. अशा वेळी काय करावे आणि कायदा काय सांगतो?
— एक तरुण वाचक, बाळे

उत्तर : तुम्ही सुखरूप आहात याचा आनंद आहे. त्या दोघांनी जे केले ते गुन्हा आहे, आणि तुमच्या वागण्यातली कोणतीही चूक त्याचे समर्थन करू शकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत एखाद्याचा रस्ता अडवून त्याला पुढे जाऊ न देणे हा कलम १२६ खाली गुन्हा असून त्याला एक महिन्यापर्यंत साधा कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. जाणूनबुजून दुखापत केली तर कलम ११५ खाली एक वर्षापर्यंत कारावास किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. बेदरकारपणे वाहन चालवून इतरांचा जीव धोक्यात घालण्यासाठी कलम २८१ आहे, आणि मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याला पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा एक ते पाच हजार रुपये दंड सांगते.

रस्त्यावरची अशी बाचाबाची किती लांब जाऊ शकते, याचे एक उदाहरण सर्वांना माहीत असलेले आहे. २७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळा शहरात गाडी बाजूला घेण्यावरून झालेल्या वादात एका ६५ वर्षांच्या गृहस्थांना मारहाण झाली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एक हजार रुपये दंड केला होता. मृताच्या कुटुंबाने मागितलेल्या पुनर्विचारानंतर १९ मे २०२२ रोजी न्यायालयाने ती शिक्षा वाढवून एक वर्षाचा सश्रम कारावास दिला. काही मिनिटांचा वाद होता, आणि त्याचा निकाल लागायला तेहतीस वर्षे लागली. एक माणूस प्राणाला मुकला आणि दुसऱ्याने ते ओझे तारुण्यापासून उतारवयापर्यंत वाहिले.

अशा प्रसंगी गाडीतून खाली उतरू नये, हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. काचा वर करून दारे लॉक करावीत, इंजिन चालू ठेवावे, नजरेला नजर भिडवू नये आणि मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरून चित्रीकरण करू नये, कारण त्याने राग आणखी भडकतो. गाडीचा क्रमांक, रंग आणि ठिकाण लक्षात ठेवून ११२ वर फोन करावा. महामार्गावरच्या मदतीसाठी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा १०३३ हा क्रमांकही चोवीस तास चालू असतो. कोणी मागे लागले आहे असे वाटले तर घराकडे अजिबात जाऊ नये. गजबजलेला पेट्रोल पंप, टोलनाका किंवा पोलिस ठाणे गाठावे. पुढे वाहन थांबले असेल तेव्हा त्याची मागची चाके जेथे रस्त्याला टेकतात ती जागा आपल्याला दिसेल इतके अंतर ठेवून थांबण्याची सवय लावावी, म्हणजे वेळ आली तर मागे न घेता बाजूने निघता येते. काचेवर बसवलेला डॅशकॅम हल्ली फार महाग राहिलेला नाही आणि तक्रारीच्या वेळी तो मोठा आधार ठरतो. अजूनही तुम्ही पोलिस ठाण्यात लेखी तक्रार देऊ शकता. वेळ, ठिकाण, वाहनाचा क्रमांक आणि घडलेला क्रम एवढेच लिहावे, आपला अंदाज लिहू नये.

आता तुमच्या वाट्याचे बोलतो, आणि ते तुम्ही मोकळेपणाने लिहिले म्हणूनच बोलावेसे वाटते. अप्पर एकदा किंवा फार तर दोनदा दाखवणे ही विनंती असते. सतत मारत राहिलो की पुढच्या चालकाच्या आरशात प्रखर झोत शिरतो, त्याचे डोळे दिपतात आणि ज्याला आपण बाजूला व्हायला सांगतो आहोत त्यालाच बाजूची दुचाकी दिसेनाशी होते. डावीकडून पुढे जाणे तर त्याहून घातक आहे, कारण तो आपल्याला जागा द्यायला डावीकडेच वळणार असतो. आणि तो शेवटचा हात! तुम्ही पुढे निघून गेला होतात, तुमचे काम झाले होते. त्या हाताने तुम्हाला काही मिळाले नाही आणि पुढचा सगळा प्रसंग त्यातूनच घडला. हात दाखवायचाच असेल तर तो आभारासाठी किंवा माफीसाठी दाखवावा. आपल्याकडून चूक झाली की पंजा वर करून मान किंचित लववणे, ही खूण भाषा न कळणाऱ्या परप्रांतीय चालकालाही कळते, आणि तिने किती भांडणे मिटतात हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

प्रश्न : मागून रुग्णवाहिका आली तर नेमके कोणत्या बाजूला व्हावे? सिग्नल लाल असेल तर?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : शक्यतो डावीकडे व्हावे, इंडिकेटर द्यावा आणि वेग कमी करावा, अचानक जागीच ब्रेक लावू नये. सिग्नलवर असाल तर थोडे पुढे-डावीकडे सरकून वाट मोकळी करावी, पण आडव्या वाहतुकीत घुसू नये. रुग्णवाहिकेला वाट न देणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई प्रमाणे गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. रुग्णवाहिका पुढे गेल्यावर तिच्या मागे गाडी लावून मोकळ्या झालेल्या वाटेने सुटणारे लोक दिसतात. आत कोणी तरी मरणाशी झुंजत असताना आपण त्याच्या वाटेचा फायदा घ्यावा, याचे मला मनापासून दुःख होते.

प्रश्न : मी वीस वर्षे ट्रक चालवतो. सोलापूरहून चादरी, टॉवेलचा माल घेऊन हैदराबादकडे आणि येताना मिळेल ते भाडे घेऊन येतो. छोट्या गाडीवाले आम्हाला उजव्या लेनमध्ये पाहिले की शिव्या देतात. डाव्या लेनमध्ये उलट्या दिशेने येणाऱ्या मोटारसायकली असतात, ढाब्यासमोर उभी वाहने असतात, जनावरे असतात. आम्ही कोठून चालवायचे?
— एक ट्रकचालक, अक्कलकोट रोड

उत्तर : भाऊ, तुमचे पत्र मोटारवाल्यांनी दोनदा वाचावे असे आहे. जड वाहन उजवीकडे का जाते, याचा विचार पाठीमागचा माणूस क्वचित करतो. २५ टनांचे वाहन एकदा ब्रेक लावून मंदावले की पुन्हा वेग घ्यायला त्याला बराच रस्ता आणि बरेच डिझेल लागते. म्हणून जेथे कमीत कमी ब्रेक लागेल ती लेन चालक धरतो. डावीकडे दर दोन मिनिटांनी समोरून राँग साईडची दुचाकी येत असेल, तर तिच्या अंगावर जाण्यापेक्षा मागच्याची शिवी ऐकलेली बरी, असे कोणाही भल्या माणसाला वाटेल. आणि त्या दुचाकीवाल्यालाही मी नुसता दोष देऊ शकत नाही, कारण दुभाजकातून वळण्याची जागा त्याच्या शेतापासून काही किलोमीटर दूर ठेवलेली असते. सेवा रस्ते अखंड हवेत आणि गावाजवळ भुयारी वाट हवी, ही मागणी गावोगावच्या लोकांनी नेटाने लावून धरली पाहिजे.

तरीही नियम तुमच्या बाजूने नाही, आणि ते मी तुम्हाला स्पष्ट सांगायला हवे. मंद वाहनाने डावीकडे राहावे आणि पुढे जाण्यापुरतेच उजवीकडे यावे, असाच नियम आहे. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी दुभाजक असलेल्या रस्त्यावर मालवाहू वाहनाची कमाल मर्यादा ताशी ८० आणि मोटारीची १०० आहे; एखाद्या टप्प्यावर फलकाने कमी मर्यादा दिली असेल तर तीच खरी. वेगांत एवढा फरक असलेली वाहने एकाच लेनमध्ये आली की मागे रांग साचणारच. सर्वांत मोठी रांग मात्र दोन ट्रक एकमेकांना ओलांडतात तेव्हा लागते. तुमचा वेग पुढच्या ट्रकपेक्षा ताशी पाचच किलोमीटर अधिक असेल, तर त्याच्या मागून निघून सुरक्षितपणे पुढे यायला लागणारे सत्तर मीटर कापायला पन्नास सेकंद लागतात, आणि ताशी ७५ च्या वेगाने तेवढ्या वेळात रस्त्याचा एक किलोमीटर उलटून जातो. तो एक किलोमीटरभर दोन्ही लेन बंद असतात. म्हणून फरक फारच थोडा असेल तर ओलांडायला निघू नका, आणि तुम्हाला कोणी ओलांडत असेल तर वेग थोडा कमी करून त्याला लवकर मोकळे करा. दुसरा पुढे जात असताना आपला वेग वाढवून त्याला अडवणे हे नियमाविरुद्ध आहे, आणि हे मोटारवाल्यांनाही तेवढेच लागू आहे.

इंडिकेटरबद्दल एक विनंती आहे. मागच्याला ‘आता जा’ सांगण्यासाठी काही चालक उजवा इंडिकेटर देतात, तर काही ‘येऊ नकोस, समोरून गाडी आहे’ हे सांगण्यासाठी तोच देतात. मागच्या नवख्या माणसाने त्यातून काय समजावे? इंडिकेटर फक्त आपण वळणार आहोत एवढेच सांगण्यासाठी ठेवा. मोटारवाल्यांना माझी विनंती अशी की, ट्रकचे दोन्ही आरसे तुम्हाला दिसत नसतील, तर ट्रकचालकाला तुम्ही दिसत नाही आहात; थोडे मागे राहा, म्हणजे त्याला कळेल की कोणीतरी वाट मागत आहे. आणि त्याने वाट दिली की पुढे गेल्यावर हात वर करा. घरापासून शेकडो किलोमीटर दूर, केबिनमध्येच जेवणारा आणि झोपणारा हा माणूस आहे. त्याला दिवसभरात आभाराची खूण मिळालेली नसते.

प्रश्न : आमचा ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला आहे. गाळप सुरू झाले की रात्रंदिवस खेपा असतात. मागचे लोक सारखा हॉर्न वाजवतात, पुढे जाऊन ब्रेक मारून त्रास देतात. भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन आम्ही पळायचे कसे?
— एक शेतकरी वाचक, मोहोळ तालुका

उत्तर : पळू नका. भरलेल्या दोन ट्रॉल्यांसमोर येऊन ब्रेक मारणाऱ्याला ते वजन काय करू शकते याची कल्पनाच नसते. ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो आणि मागचा सगळा भार ट्रॅक्टरला ढकलत राहतो. मोटारवाल्यांनी हंगामाचे हे चार-पाच महिने हे मनात धरूनच घराबाहेर पडावे. कारखान्यांच्या या जिल्ह्यात ऊस रस्त्यावर येणारच, आणि त्याच उसावर आपली बाजारपेठ चालते.

मात्र तुमच्या हातात असलेल्या तीन गोष्टी यंदा अवश्य करा. पहिली आणि सर्वांत मोठी, मागच्या ट्रॉलीला दोन्ही कडांना रिफ्लेक्टर आणि चालू स्थितीतला लाल दिवा. तुमचा वेग ताशी २० आणि मागच्या मोटारीचा १०० असेल, तर ती तुमच्याकडे दर सेकंदाला २२ मीटरने येत असते. डिप्परच्या उजेडात जेमतेम पन्नास-साठ मीटर दिसते, म्हणजे तुम्ही आहात हे कळल्यापासून तिला तीन सेकंदसुद्धा मिळत नाहीत. त्यातला सेकंद-दीड सेकंद तर ब्रेकवर पाय जाण्यातच संपतो. रिफ्लेक्टर दुरून चमकला तर तोच वेळ कितीतरी पट वाढतो. उसाचे वाढे खाली लोंबून दिवा झाकला जातो, म्हणून ट्रॉली भरून झाल्यावर मागे जाऊन एकदा डोळ्यांनी पाहावे. दुसरी गोष्ट गाण्यांची. मोठ्या आवाजातली गाणी झोप येऊ नये म्हणून लावतात हे मला माहीत आहे, पण त्यात मागचा हॉर्न आणि शेजारून निघालेल्या दुचाकीचा आवाज ऐकू येत नाही. झोप येत असेल तर चालक बदलावा. तिसरी गोष्ट, टायर फुटला किंवा ट्रॉली कलंडली तर ट्रॅक्टर रस्त्यावर तसाच सोडून जाऊ नये, मागे बऱ्याच अंतरावर एक माणूस बॅटरी घेऊन उभा करावा आणि १०३३ ला कळवावे. अंधारात दगड ठेवून खूण केल्याचे समाधान मानू नये, आणि काम झाल्यावर ते दगड रस्त्यावर तसेच ठेवून जाऊ नये. मागच्या हंगामात पहाटेच्या अंधारात अशाच एका दगडावर माझ्या शेजाऱ्याची मोटारसायकल गेली. त्याचा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.